म्हशीची झूल

९ जानेवारी, शुक्रवार
धुकं. खिडकीतून बाहेरचं मयूर विहार दिसतच नाही. नलूचा शिवणाचा डबा दिवाळीपासून कपाटावर. हात थरथरतो म्हणून ती खाली काढत नाही. डॉ. म्हणतात, औषधाने कमी होईल, जाणार नाही.
तिच्या गोधड्या लोक भिंतीवर लावतात. धावदोरा असा, की मास्तरांनी चालीवर पाठ करून घेतलेली कविता. मात्रा इकडची तिकडे नाही.
आणि इथल्या मराठी मंडळाच्या मार्चच्या प्रदर्शनाला मी तिच्या नावाने हो म्हणून बसलोय. तिला न विचारता. वाटलं, तारीख जवळ आली की हात आपोआप...
बी.पी.ची गोळी घेतली का? आठवत नाही.

१० जाने.
लेकीला, मुग्धाला, फोनवर सगळं सांगून टाकलं. "बाबा, यार, तुम्ही पण ना!" मग तिनेच सुचवलं. मानेसरच्या पुढे एका गावात हेरिटेज मेळा आहे, जुनं भरतकाम वगैरे. "आईला आयडिया मिळेल. बिल्कुल मिळेल."
एवढी खात्री हिला येते कुठून?

११ जाने., रवि.
मेळा. दोऱ्यांवर फुलकाऱ्या, भरतकामाच्या ओढण्या, टांगलेल्या, उन्हात पेटल्यासारख्या. मी फोटो काढत सुटलो. नलू, हे मोर बघ. "बघितले." हा केशरी? "छान." हात शालीत गच्च. शेवटी म्हणाली, "अहो, डोळे चांगले आहेत माझे."
फोटो थांबवले. मु. चहा आणायला गेली. वळून बघतो तर नलू नाही. गर्दी, भोंगे, आणि तिचा फोन माझ्याच खिशात. एकेक तंबू बघत निघालो.
सापडली तंबूंच्या मागे, खुंटीला बांधलेल्या म्हशीपाशी. म्हशीवर थंडीची झूल: पोती, फाटका स्वेटर, शाळेची निळी पँट, सगळं सुतळीने जोडलेलं. बोटभर लांब, वाकडे टाके. नलू त्यांवरून बोट फिरवत होती. बोट थरथरत होतं. शालीबाहेर!
"किसने सिया?"
"मन्नै. और कौन सीवैगा, भैंस?" मालकीण म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "ताऊ, फोटू भैंस की लेवैगा के मेरी?"
नलू हसली. मोठ्याने.
"टिकता है?"
"रोज भींत तै रगड़ै सै. टांका ना टूट्या." म्हणजे म्हैस रोज भिंतीला अंग घासते, तरी टाका तुटलेला नाही.
गाडीत तिला काही विचारायचा धीर झाला नाही.

१२ जाने.
डबा खाली! "रद्दीची सुतळी कुठाय?" मग, "दाभण लागेल."
मु.ला फोनवर सांगितलं. "दाभण म्हणजे?" पोती शिवायची जाड सुई, म्हटलं. बाजारातही कळेना. हिंदीत सुआ म्हटल्यावर मिळाला.

२० जाने.
गोधडी शिवतेय. जुनी लुगडी, माझा ऑफिसचा कोट, वर सुतळी. टाके म्हणजे... वृत्त पार मोडलंय. मास्तरांनी पट्टी हाणली असती. लोक बघतील, कीव करतील, 'वय झालं हो बाईंचं.'
"नलू, ही ओळ जरा सरळ करून देऊ?"
"हात लावू नका."

२५ जाने.
प्रदर्शनाचं सांगून टाकलं. मान वर न करता म्हणाली, "माहितीये. मंडळातून मलाही फोन आला होता. डिसेंबरात."
"मग बोलली नाहीस?"
"नाही म्हणाले नाही ना त्यांना."
दिवसभर हेच वाक्य घोळवतोय. वृत्तात बसत नाही. पाठ मात्र झालं.

३ फेब्रु.
फक्त शेवटचा कोपरा राहिलाय. तिच्या आईची पद्धत: त्यात पोळीचा तुकडा ठेवायचा, मगच टाका. पांघरणारा उपाशी राहू नये.
परवापासून हात फार वाईट. दाभण दोनदा पडलं. "उद्या," म्हणाली. कालही उद्याच म्हणाली होती.
आज ताज्या पोळीचा तुकडा वाटीत काढून तिच्याजवळ ठेवलाय. कालचा कडक झाला होता, मीच चहात बुडवून खाल्ला.