कोर्टाच्या हुकमातली रेती

अमरावती,
सोमवार

चि. चंदन यास शकुनताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या गुडघ्याचं कळलं. तेल चोळणं पुरे, डॉक्टरला दाखव. बार्शीटाकळीत जमत नसेल तर अकोल्याला जा. हे सगळं फोनवरच बोलले असते, पण मधली भिंत अर्धीच झाली आहे आणि शेजारच्या खुशालरावांचे कान पूर्ण आहेत. म्हणून पत्र.

आपल्या आणि त्यांच्या घरांमधला बोळ दोघांचा सामाईक, हे तुला ठाऊकच आहे. मागच्या मळ्यातली शेवंती रोज सकाळी हातगाडीने याच बोळातून फूलबाजारात जाते. गेल्या महिन्यात खुशालरावांनी दीड फूट पुढे सरकून बोळात भिंत घालायला घेतली. मी विचारलं, गाडी कशी जाईल? तर म्हणाले, "वहिनी, गाडी आडवी काहून नेता, उभी न्या ना!" हातगाडी उभी कशी नेतात ते मी त्यांना करून दाखवायला सांगितलं. दाखवलं नाही. त्याच दिवशी मी गीतांजली वकिलीणबाईंकडे गेले.

मुलगी हुशार आहे (माझ्या वर्गात नव्हती, तरीही). दाव्याचा निकाल लागायला वर्षं जातात, तोवर भिंत थांबवायची तर तात्पुरता मनाई हुकूम मागायचा, असं तिने समजावलं. कोर्ट त्यासाठी तीन गोष्टी पाहतं. वरवर पाहता आपल्या म्हणण्यात दम आहे का, हुकूम न दिल्याने आपली गैरसोय जास्त की दिल्याने समोरच्याची, आणि होणारं नुकसान पुढे पैशाने भरून न निघण्यासारखं आहे का. तिने सराव म्हणून मलाच विचारलं, "काकू, नुकसान पैशाने भरून निघेल?" मी इमानाने "निघेल" म्हटलं. तिने डोळे मिटून घेतले. कोर्टात तुम्ही फक्त बसा, म्हणाली. मी बसले.

समोरच्याचं ऐकल्याशिवाय मनाई द्यायला कोर्टाने नकार दिला (योग्यच आहे, मीसुद्धा दोन्ही बाजू ऐकूनच छडी देत असे). नोटीस काढली, आणि पुढच्या तारखेपर्यंत दोन्ही बाजूंनी जागा 'जैसे थे' ठेवावी असा हुकूम दिला. मी येताना पेढे घेतले.

घरी येऊन पाहते तर भिंत थांबलेली, पण बोळाच्या तोंडाशी कमरेइतका रेतीचा ढीग! सकाळीच ट्रॅक्टरने टाकलेला. म्हटलं, उचला. खुशालरावांनी हात जोडले. "वहिनी, कोरटाचा हुकूम हाय. मी आता एक घमेलंबी हालवत नाही. हुकूम तुमीच आनला ना?" गीतांजलीचंही तेच, ढिगासाठी वेगळा अर्ज करू. तेव्हापासून शेवंती टोपल्यांतून, डोक्यावरून, आमच्या बैठकीतून बाहेर जाते. परवा एका पाहुण्याने तुझ्या भाऊजींना विचारलं, घरी लग्न आहे का? (ते म्हणाले, नाही, दावा आहे. यांच्या तोंडाला मनाई कोणतं कोर्ट देईल?) खुशालरावांनाही चैन नाही. त्यांची मोटारसायकल ढिगाच्या आतल्या बाजूला अडकली आहे, रोज पायी जातात. ढिगावर कुत्रीने चार पिल्लं घातली. म्हणजे जागा आता 'जैसे थे' राहिलेली नाही, पण तशी तक्रार दोन्ही पक्षांनी केलेली नाही.

पुढच्या बुधवारी कोर्टाचे कमिशनर बोळ मोजायला येणार आहेत. आपली बाजू भक्कम आहे. काळजी करू नकोस.

तुझी,
शकुनताई

ता. क. खुशालराव जेवायला गेल्यावर मी स्वतः टेप लावून बोळ मोजला. त्यांची भिंत बोळात दीड फूट आत आहे. आपला धुण्याचा ओटा, जो तू इथे शिकायला असताना बांधलास, तो दोन फूट आत आहे. ओटा नसता तर भिंतीनंतरही गाडी निघाली असती. गीतांजली म्हणते, मनाई मागणाऱ्याचे स्वतःचे हात स्वच्छ लागतात, आणि दाव्यात ओट्याचा उल्लेख नाही. आता तो पाडताही येत नाही. 'जैसे थे'.

ता. ता. क. म्हणून रविवारी ये. दोघांनी आपापलं काढावं आणि कोर्टात तडजोड लिहून द्यावी, असं खुशालरावांना सुचव. कल्पना तुझीच आहे असं सांग. माझं नाव घेतलंस तर याद राख.

आणखी एक. पाकीट चिकटवणार तोच खुशालरावांची बायको रश्मी विरजण मागायला आली. म्हणाली, "ताई, रविवारी माहा भाऊ येऊन राहिला चांदूर बाजारून, तुमचं मिटवाले. यायनंच बोलावलं त्याले, पन तुमाले सांगू नको म्हने." तेव्हा तू ये, पोटभर जेव आणि गप्प बस. आधी त्याला बोलू दे.