मामा, टोप ऑक्टोपसाने नेला

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (पाय सुजल्याचं मामीने कळवलंय, तेव्हा हा नमस्कार पायांना धक्का न लावता लांबूनच केलाय असं समजावं.) पाय उशीवर ठेवता ना? की नाटकवाल्यांचे केसांचे टोप गुंफत पुन्हा खुर्चीवर पाय तसेच लोंबकळत ठेवून बसता? मामीचा खोकला थांबला का? मी खुशाल आहे. डोकं सोडलं तर. त्या डोक्याबद्दलच लिहायला बसलोय.

तुम्ही माझ्यासाठी केलेला टोप घालून मी रविवारी पहिल्यांदा बाहेर पडलो, कारण ताईने एक स्थळ काढलं होतं. मुलगी दातांची डॉक्टर. आणि भेटायचं कुठे, तर इथल्या त्या अवाढव्य मत्स्यालयात! ताईचं म्हणणं असं, की हॉटेलात नेलं की तू घाबरून नुसतं मेनूकार्ड वाचत बसतोस; तिथे निदान मासे तरी दिसतील, शिवाय अंधार असतो आणि अंधारात तू बरा दिसतोस. (सख्खी बहीण, मामा.) आता मी पडलो घड्याळं दुरुस्त करणारा. दिवसभर डोळ्याला भिंग आणि मान खाली, त्यामुळे गिऱ्हाइकांची ओळख माझ्या चेहऱ्याशी कमी आणि टकलाशीच जास्त. म्हणून तुम्ही सांगितलंत तसा डिंक लावला, टोप बसवला आणि आरशात पाहिलं, तर आतल्या माणसाला मी 'या, बसा' म्हणणार होतो.

मत्स्यालयात शिरल्या शिरल्या काचेचा बोगदा आहे. दोन्ही बाजूंना पाणी, डोक्यावरही पाणी आणि त्यात शार्क. दातांची डॉक्टर त्याच्या बरोबर खाली उभी राहून त्याचे दात बघत होती. याचा दात पडला की मागून नवा सरकतो, माणसांचं असं झालं तर माझा दवाखाना बंद, असं काहीसं म्हणाली. मी हसलो, पण डिंक ताणला जाऊ नये म्हणून भुवया आणि मान न हलवता हसलो. तिने काळजीने विचारलं, "कुठली दाढ?"

सोबत तिची आई होती. बाईंचा आवाज असा, की काचेपलीकडचे मासेसुद्धा वळून बघत. प्रत्येक माशात त्यांना कुणीतरी नातेवाईक दिसायचा. अंग फुगवून बसलेला एक मासा पाहून तर, "अगदी आमच्या नणंदेचे यजमान! हेही काही न बोलता असेच फुगतात!" असं म्हणून त्यांनी त्याला हातच जोडले.

तिथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. पण मत्स्यालयात ऑक्टोपस सांभाळणारा माणूस पूर्वी दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यात अक्कलदाढ काढायला येऊन गेला होता, आणि त्या ओळखीवर तो आम्हाला टाक्यांच्या मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथे नुसते पाइप, बादल्या, ओली फरशी आणि पंपांची घरघर. त्याने टाकीचं झाकण उघडलं आणि म्हणाला, जरा लांब उभे राहा, याला नवीन वस्तू फार आवडतात. मी लांब उभा राहणारच होतो, पण दातांची डॉक्टर पुढे वाकली, म्हणून मीही वाकलो. (लग्नाळू माणसाला अक्कल नसते, दाढ असो वा नसो.)

ऑक्टोपसाने आधी माझ्या तोंडावर पाण्याची पिचकारी मारली. त्या पाण्याने डिंक सुटला. मग काठावरून एक हात हळूच वर आला आणि माझ्या कपाळावर येऊन बसला. खरं सांगतो मामा, इतक्या मायेने माझ्या कपाळावर आजवर कुणी हात ठेवला नव्हता. पाठोपाठ पच् पच् असा आवाज झाला आणि डोक्याला एकदम गार लागलं.

"अगं बाई! टाळू नेली! त्यांची टाळूच नेली!" आई किंचाळल्या.

ऑक्टोपस टोप घेऊन थेट तळाशी गेला, दगडाच्या कपारीत शिरला आणि टोप वरून पांघरून बसला. काचेच्या पलीकडे ही गर्दी! लोक एकमेकांना केसाळ मासा दाखवत होते. सांभाळणाऱ्याने खेकडा दाखवला, कोळंबी दाखवली, पण ढिम्म! केस सुटून पंपात अडकले तर काय, या धास्तीने तो बिचारा घामाघूम. शेवटी त्याने झाकणाच्या बरणीत खेकडा घालून ती खाली सोडली. बरणी उघडायच्या नादात ऑक्टोपसाने सगळे हात तिकडे लावले, तेवढ्यात याने जाळीने टोप ओढला. ऑक्टोपस रागाने लालबुंद झाला.

मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. वाटलं, इथूनच परस्पर घरी जावं. मागे दातांची डॉक्टर उलट्या बादलीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती. मग उठली, माझ्याजवळ आली आणि आपल्या रुमालाने माझं डोकं पुसू लागली. "मला बोगद्यातच कळलं होतं," ती म्हणाली, "डोक्यावरून शार्क जातोय आणि माणूस मान वर करत नाही?" (टोपात खोट नव्हती, मामा. मानेत होती.) मग तिने टकलावर उठलेले गोल गोल वळ नीट निरखले आणि म्हणाली, असेच येत जा, मला दिवसभर दात लपवणारी माणसंच बघावी लागतात, लपवणाऱ्यांचा कंटाळा आलाय.

तेव्हा तुमची मेहनत पाण्यात गेली, पण वाया गेली नाही. पुढच्या रविवारी पुन्हा भेटायचं ठरलंय. मामीला नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. मला आता टोप नको. पण सांभाळणाऱ्याचा निरोप आलाय, ऑक्टोपसाने अन्न सोडलंय. त्याच्यासाठी एक बिनडिंकाचा, केस न सुटणारा टोप ताबडतोब पाठवावा. रंग कुठलाही चालेल, तो स्वतःचा रंग जुळवून घेतो.

ता. क. २. हे मामीलाही सांगू नका. निघताना डॉक्टरच्या आईंनी मला खांबाआड घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुजबुजत विचारलं, की टोप करणारे हे कारागीर बायकांचा अंबाडाही करतात का? तेव्हा त्यांच्यासाठी एक भरघोस अंबाडा करावा. दोन्ही पुडकी वेगवेगळी बांधून वर ठळक नावं घाला. अदलाबदल झाली तर ऑक्टोपस चालवून घेईल, पण माझं लग्न मोडेल.