वहीतलं अक्षर माझं

प्रिय बारके,

तुझा खेळ बाजारात आला त्याला आज बारा दिवस झाले आणि माझ्याकडून तुला दोनच शब्द पोचले, "छान. अभिनंदन." एवढं तर मी शाळेत कुणाच्याही निबंधाखाली लिहिते. ताईला वेळ झाला नसेल असं तू मनाशी म्हटलं असशील. वेळ होता गं. पहिल्याच दिवशी शाळेतून आल्या आल्या मी लेकीला तिच्या खुर्चीवरून उठवलं आणि तिच्या कॉम्प्युटरसमोर बसले. "आई, तू? तुला तर पत्त्यांचाही कंटाळा," असं ती म्हणाली. मावशीचा खेळ आहे, बघायला नको का, असं मी म्हटलं खरं, पण बसले होते ते चुका काढायला. शेजारी तांबडं पेन आणि कोरा कागदही घेतला होता.

सगळा नकाशा धुक्यात. मधे एक नदी, एक टेकडी आणि माझी चाळीस माणसं, राजधानी कुठे वसवायची याची वाट बघत उभी. मी आपली पुस्तकातल्यासारखी नदीच्या वळणावर वसवली. नवव्या पाळीला पूर आला आणि धान्याचं कोठार धुऊन नेलं. तेव्हा कोपऱ्यातली ती चष्मेवाली सल्लागार बाई म्हणाली, "कोळ्यांना विचारलं असतं तर तोंड झिजलं नसतं." माझा हात माउसवरच थांबला. हे बोलणं आईचं. शब्द न् शब्द आईचा. आई जाऊन सहा वर्षं झाली, तिचं शेवटचं आजारपण मी काढलं, आणि तिचा आवाज मात्र तू उचलून नेलास, असं माझ्या मनात आलं. वाईट आलं, पण आलं.

मग घोडेस्वारांच्या पायात रिकीब, ती पाय अडकवायची कडी, दिसली आणि मला हर्ष झाला. सापडली! खेळातल्या इतक्या प्राचीन काळात रिकीब कुठली? कागदावर ठळक लिहिलं, 'चूक पहिली'. तेवढ्यात लेकीनं घोड्यावर टिचकी मारली आणि तुझी टीप उघडली: 'या काळात रिकीब होती का, यावर जाणकारांचं एकमत नाही. आम्ही ठेवली, कारण तिच्याशिवाय आमचे स्वार फारच पडत होते.' लेक खो खो हसली. मलाही हसू येत होतं, ते मी गिळलं. कागदावर आजही ती एकच चूक आहे, आणि तीही खोडलेली.

शाळेत तर विचारूच नकोस. बावीस वर्षं मी साम्राज्यं शिकवतेय. कशी उभी राहिली, कशी कोसळली, पाच कारणं लिहा. बावीस वर्षं पोरं जांभया देतायत. परवा शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "बाई, सीमेवरच्या प्रांताला करमाफी दिली तर आतले प्रांत चिडत नाहीत का?" इतका नेमका प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. कुठून सुचलं, म्हटलं, तर तुझा खेळ खेळते ती. शिक्षकखोलीत खेळाचे सर आता मला नावानं हाक मारत नाहीत, 'त्या खेळवालीची ताई' म्हणतात. तुझे भावोजी म्हणाले, "अगं, अभिमान वाटायला हवा." त्या दिवशी भाजी करपली, ती मी तशीच वाढली.

आणि बाबा. वर्तमानपत्रातला तुझा फोटो त्यांनी कापून आरशाच्या चौकटीत खोचलाय. हात थरथरतात, सुईत दोरा जात नाही, पण कात्रण मात्र कसं सरळ कापलंय! अखेर शिंपीच ते. दर महिन्याला डॉक्टरांकडे त्यांना मी नेते. गेल्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, ही कोण, मुलगी का? तर म्हणाले, "हो, पण ती पेपरातली नव्हे, ही दुसरी." मी औषधांच्या चिठ्ठीची घडी घालत उभी होते.

त्या कात्रणातल्या मुलाखतीत तू म्हणालीस, "लहानपणी मी ताईसोबत बटणांचा असा खेळ खेळायचे." एवढंच, एक वाक्य. ते वाचून माझा जो तिळपापड झाला! सोबत? बाबांच्या दुकानातल्या फरशा म्हणजे प्रांत, हे कुणी ठरवलं? कोटाची पितळी बटणं म्हणजे घोडदळ, सदऱ्याची पांढरी म्हणजे पायदळ, आणि तुटकी ती प्रजा, हे कुणी सांगितलं? मापांच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर एकोणीस नियम आहेत, सगळे माझ्या अक्षरात. मी तेरा वर्षांची, तू सात. तू तर तेव्हा 'साम्राज्य' लिहिताना दोनदा अडखळायचीस.

ती वही माझ्याच कपाटात होती. मी ती काढली. एकोणिसावा नियम असा: 'जिंकलेली फरशी विसरत नाही. जशी घेतली तशी वागते.' तुझ्या खेळात जग ज्याची वाहवा करतंय ते हेच ना? लढून घेतलेला प्रांत चार पिढ्यांनी बंड करून उठतो, दुष्काळात धान्य देऊन जोडलेला संकटात साथ देतो. सगळे लिहितायत की असं आजवर कुठल्या खेळात पाहिलं नाही. आणि पुरावा माझ्या हातात, निळ्या शाईत.

मी खेळत राहिले. रोज तासभर, मग दोन तास. काल संध्याकाळी माझा उत्तरेचा प्रांत उठला. तो मी फसवून घेतला होता. तह केला, वेशी उघडल्या, आणि सैन्य आत घातलं. किती पिढ्या गेल्या, मी तिथे रस्ते बांधले, विहिरी खणल्या, तरी उठलाच. पडद्यावर तिथल्या एका म्हातारीचं वाक्य आलं: "रस्ते चांगले आहेत. पण तुम्ही म्हणाला होतात, येणार नाही." आणि मला दुकानातली ती दुपार आठवली. मी तुला म्हटलं होतं, दाराजवळची फरशी तुझी, तिला मी हात लावणार नाही. तू पाणी प्यायला गेलीस आणि मी ती घेतली. तू आलीस, रडली नाहीस. फरशीवर हात ठेवून म्हणालीस, "ताई, हिला आठवेल." मी हसले. तू हट्टच धरलास, हे वहीत लिही, आत्ताच्या आत्ता लिही. तुला जोडाक्षरं जमत नव्हती म्हणून मी लिहिलं. एकोणिसावा नियम तुझा आहे. अक्षर तेवढं माझं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी सराईतपणे खोटं बोलते, हे आता मला कळलंय. मागच्या मंगळवारी एका साप्ताहिकाच्या वार्ताहर बाईंचा फोन आला होता. तुझ्या लहानपणाबद्दल चार ओळी हव्या होत्या त्यांना. मी चाळीस मिनिटं बोलले. खेळ मुळात माझा आहे, धाकटीनं न विचारता नेला, असं सांगितलं आणि वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवला. आज सकाळी त्यांना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, अंक छापून झालाय, दुरुस्ती पुढच्या अंकात देऊ. ती मी सहीनिशी लिहून दिली, तिची प्रत सोबत जोडलीय. पण रविवारी अंक येईल, त्यात माझ्या तोंडून तुला चोर म्हटलेलं असेल, आणि ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून हे पत्र आजच पाठवतेय. बाबांना मी उद्या चहाच्या वेळी स्वतः सांगणार आहे. त्यानंतर तू मला काय म्हणायचं ते म्हण, म्हणायला ये, किंवा येऊ नकोस. मी घरीच आहे.

तुझीच,
ताई