बिनपगारी

प्रिय अक्का,

फोन सोडून एवढं लांबलचक ईमेल कशाला, असं म्हणशील. इथं माहेरचा फोन खाली सगळ्यांच्यात बसून करायचा असतो, तोही स्पीकरवर, म्हणजे घरादाराला तुमची खुशाली एकदमच कळते. म्हणून लिहितेय. तुझी ड्यूटी संपली की निवांत वाच, वॉर्डात उघडू नकोस. तात्या ऑपरेशननंतर जिना चढायला लागले का? आणि पथ्य पाळतात की तू हॉस्पिटलात गेलीस की भज्यांचा कागद उशीखाली?

इकडं ऊसतोड सुरू झालीय. रस्त्यावरून दिवसभर ट्रॅक्टर गाणी लावून जातात आणि मी माडीवर रिलीज नोट्स लिहीत बसते. तू मागं विचारलं होतंस, तू नक्की करतेस तरी काय गं? लोक सॉफ्टवेअर लिहितात, ते नीट चालतं की नाही हे तपासायचं एक साधन आहे. आम्ही दहाबारा जण, निरनिराळ्या देशांतले, ते मिळून सांभाळतो. सगळं खुलं, कुणीही फुकट वापरावं. सांगलीला कॉलेजात असताना त्यातली एक चूक दुरुस्त करून पाठवली, आणि तेव्हा चिकटले ती चिकटलेच. नवी आवृत्ती निघाली की तिच्यासोबत टिपण द्यायचं असतं, त्याच या रिलीज नोट्स. नवं काय आलं, दुरुस्त काय झालं आणि जुनं काय इथून पुढं चालणार नाही. हा शेवटचा भाग कुणालाच लिहायला नको असतो, म्हणून तो माझ्याकडं येतो. काय मोडणार ते आधी सांगायचं, का ते सांगायचं, त्याऐवजी काय करा तेही सांगायचं, आणि समोरचा भडकणार नाही अशा बेतानं. गटातला ब्राझीलचा एक जण म्हणाला, हे तुला इतकं चांगलं कसं जमतं? त्याला काय सांगू, मी इतकी वर्षं सून आहे म्हणून.

लग्न ठरताना माझ्या सासऱ्यांनी, आण्णांनी, तुझ्यासमोरच सांगितलं होतं की आमच्यात सुना नोकरी करत नाहीत. तात्या पडले मुलीचे बाप, मान डोलावून मोकळे झाले. मग मी लॅपटॉप घेऊन बसायला लागले तशी घरात कुजबुज झाली, आणि यात पगार नाही म्हटल्यावर ती थांबली. पगार नाही म्हणजे नोकरी नाही. उलट आण्णांना कौतुक वाटायला लागलं. पाहुणे आले की मला खाली बोलावून सांगतात, "आमची सून जगाचं काम करती, पर एक रुपाया घेत न्हाई." माझ्यासाठी त्यांनी माडीवर इन्व्हर्टर बसवला. सासूबाई गुडघे दुखत असताना चहा वर आणून देतात आणि मला त्रास नको म्हणून दार हळूच ओढून घेतात. अक्का, हेच कुणाला सांगता येत नाही. कुणी मारत नाही, कुणी टाकून बोलत नाही, आणि तरी त्या ओढून घेतलेल्या दाराकडं बघून माझा जीव घुसमटतो.

दिवाळीनंतर आमच्या गटाला मोठी देणगी मिळाली. त्यातून एकानं पगार घेऊन पूर्ण वेळ हे काम सांभाळावं असं ठरलं आणि सगळ्यांनी माझं नाव घेतलं. ही आवृत्ती बाहेर पडेल तेव्हा हो की नाही ते कळवायचं होतं. मी वेड्यासारखी धावत खाली गेले. घरातूनच करीन म्हटलं, उंबरा ओलांडणार नाही म्हटलं. आण्णा चिडले असते तर बरं झालं असतं. ते आपले समजुतीनं म्हणाले, "काम कर की तू, कोन नगं म्हनतंय? फकस्त पगार नगं म्हनून कळीव. सुनेच्या पैशावर घर चालतंय असं लोकास्नी वाटाय नगं." मग ऋषिराजला जम्मूला फोन लावला. नवराही त्याच घरचा. "फुकट करतीयास तवर कुणाची हरकत हाय का? मग कशाला वाढवतीयास?" मागं त्याच्या बरॅकमधली पोरं हसत होती, म्हणून मी फार बोलले नाही.

माझं काम चालतं, त्याला मोल आलं की चालत नाही. हे मला इतकी वर्षं दिसलं कसं नाही, याचा मला जास्त राग आला. त्यानंतर नोट्स अडल्या. बाकी सगळं लिहून झालं, पण 'हे आता चालणार नाही' एवढा भाग काही होईना. दोन ओळी लिहायच्या, पुसायच्या. ज्यांना कधी पाहिलं नाही त्या माणसांना मी किती जपून सांगते, की बाबांनो, हे बदलणार आहे, तयारीत राहा. आणि खाली भाकरी वाढताना तोंडातून शब्द फुटत नाही.

काल दुपारी तो भाग लिहिला, आवृत्ती बाहेर काढली आणि गटाला हो कळवलं. पगारासकट. इथं अजून कुणाला माहीत नाही. आता तुझ्याकडं एक मागणं आहे. या घरची सून माहेरचा माणूस मुराळी म्हणून न्यायला आल्याशिवाय माहेरी जात नाही. तात्या अंथरुणाला खिळल्यापासून कुणी आलं नाही, म्हणून मी आले नाही. आपल्या मिरजेची एसटी दारावरून जाते, ती मी माडीवरून बघते. आपल्याला भाऊ नाही, तर या वेळी मुराळी होऊन तू ये. बायका मुराळी होत नाहीत हे ठाऊक आहे मला, त्यात लग्न न केलेली थोरली बहीण म्हणजे तर बघायलाच नको. तरी ये. रविवारी ये, आण्णा घरी असतात. मला गुपचूप पळून यायचं नाही. चहापाणी झालं की मी स्वतः सांगणार आहे, की मी नोकरी धरलीय, मिरजेत राहून करणार आहे, आणि ज्या दिवशी तुम्हाला हे पटेल त्या दिवशी न्यायला या, मी येईन. आण्णा ओरडतील, सासूबाई रडतील, बहुतेक मीही रडेन. तू एक शब्द बोलू नकोस. मी बोलत असेन तेव्हा त्या घरात माझ्या बाजूचं एक माणूस बसलेलं असू दे, एवढंच.

तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसलेली,
तुझीच पल्लवी