एका किडनीच्या भरवशावर

विश्रांतवाडी, पुणे
२६ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. नम्रता हिस,
अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेला तुझ्याकडे जे झालं त्यानंतर मी फोन टाळतो आहे. फोनवर मी ओरडतो, तू रडतेस, आणि ब्लडप्रेशर दोघांचंही वाढतं. पत्राची एक मोठी सोय असते, मधे कुणाला बोलता येत नाही. विश्रांतवाडीहून कात्रजला पोचायला टपालखातं सवडीप्रमाणे तीन-चार दिवस घेईल. तेवढ्यात तुझाही राग उतरेल अशी आशा आहे.

मुद्द्यावर येतो. ओवाळून झाल्यावर श्रीखंड वाढता वाढता तू सांगितलंस की जूनमध्ये हिमालयात जाणार, पंधरा हजार फुटांवरची रूपीन खिंड ओलांडणार. मला आधी चेष्टा वाटली. मग संजयरावांकडे पाहिलं, तर ते पानातल्या चटणीकडे बघत होते. तेव्हा कळलं की तुमचं ठरलेलं आहे, आणि मी फक्त ऐकायला बोलावलेला पाहुणा आहे.

तू बावन्न वर्षांची आहेस हा मुद्दा मी सोडून देतो. तुझ्या अंगात एकच किडनी आहे, हा कसा सोडू? दुसरी कुठे आहे हे मला कुणी सांगायला नको. रोज सकाळी गोळ्या घेताना तिची आठवण होते. तिकडे वर जुलाब झाले, ताप आला, आणि तुझ्याकडे उरलेल्या एकीला काही झालं, तर मी तुझी किडनी पोटात घेऊन इथे पंख्याखाली बसलेला असेन. त्या बसण्याची जरा कल्पना कर. लोक काय म्हणतील याची मला पर्वा नाही, पुण्यात लोक काहीतरी म्हणतातच. मी स्वतःला काय म्हणू?

डोंगरच चढायचा असेल तर सिंहगड आहे. पिठलं-भाकरी खा, दही खा आणि खाली ये.

रागावलेला असलो तरी भाऊच आहे, एवढं ध्यानात ठेवून लोभ राहू द्यावा.

तुझा,
श्रीधरदादा


कात्रज, पुणे
५ डिसेंबर २०२३

ती. स्व. श्रीधरदादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पहिल्यांदा वाचून मिटून ठेवलं, दुसऱ्यांदा संजयला वाचून दाखवलं. चटणीचं वाचून तो हसला आणि तुझ्या बाजूनं दोन शब्द बोलला. त्याला त्या दिवशी स्वयंपाक करायला लावला.

दादा, ऑपरेशनला पाच वर्षं झाली. दर वर्षी मी सगळ्या तपासण्या करते आणि दर वर्षी डॉक्टर म्हणतात की छान आहे. तरी घरात मला कुणी पाण्याची बादली उचलू देत नाही. डेअरीच्या प्रयोगशाळेत मुली माझ्या हातातून दुधाच्या नमुन्यांचा क्रेट काढून घेतात. तू फोन केलास की पहिला प्रश्न असतो, पाणी पितेस ना. मी कशी आहे, हे तू मला पाच वर्षांत एकदाही विचारलेलं नाहीस.

२०१८च्या मे महिन्यात आम्ही मैत्रिणी याच खिंडीला निघालो होतो. सॅक भरून तयार होती. तुझ्या ऑपरेशनची तारीख त्याच महिन्यातली मिळाली आणि मी ती रिकामी केली. त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. उद्या पुन्हा तसंच झालं तर पुन्हा रिकामी करीन. पण दादा, मी किडनी दिली, पाय दिले नव्हते.

मी बेफाम निघालेले नाही. डॉक्टरांना विचारलं. ते जा म्हणाले, पण पाणी भरपूर प्यायचं, चढण हळूहळू घ्यायची, अंगदुखीची गोळी मनानं घ्यायची नाही, आणि निघण्याआधी महिनाभर पुन्हा सगळे रिपोर्ट दाखवायचे. आमचा ट्रेक नेणाऱ्या दिग्विजयला मी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं. त्यानं डॉक्टरांचं पत्र मागितलं, आणि तिकडे वर तो परत फिर म्हणाला की वाद घालायचा नाही, अशी अट घातली. मी मान्य केली.

परवानगी मी मागत नाही. फक्त तुझ्याशी भांडण ठेवून मला इतक्या उंचावर जायचं नाही.

शिव्यांसकट लोभ चालेल, पण हवा.

तुझी,
नम्रता


विश्रांतवाडी, पुणे
१५ जानेवारी २०२४

चि. सौ. नम्रता हिस,
अनेक आशीर्वाद.

आज संक्रांत. तिळगूळ पाकिटात घालणार होतो, पण तुझी वहिनी हेमा म्हणाली की पोचेपर्यंत त्याची पूड होईल. तेव्हा गोड बोलण्यावर भागव.

तुझं पत्र हेमानं मोठ्यानं वाचलं. पाय दिले नव्हते या वाक्याशी ती हसली, मग चष्मा पुसत बसली. मी दोन दिवसांनी डॉक्टरांकडे गेलो. माझी तपासणी होतीच, पण अर्धा तास तुझ्याबद्दल भांडलो. बाहेर पेशंट खोळंबले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की तुमच्या बहिणीची तब्येत तुमच्यापेक्षा चांगली आहे, तुम्ही स्वतःकडे लक्ष द्या. डॉक्टर पुण्याचेच आहेत.

उंचीवर माणसाला काय काय होतं ते आता मी वाचतो आहे. डोकं दुखतं, भूक जाते, झोप लागत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपल्याला काही झालेलंच नाही असं वाटायला लागतं. त्या शेवटच्या गोष्टीची मला भीती वाटते, कारण तो तुझा मूळ स्वभावच आहे. म्हणून एक शब्द दे. खिंड समोर दिसत असली, बाकी सगळ्या जात असल्या, तरी त्या मुलानं फिर म्हटलं की फिरायचं. हा शब्द दिलास तर माझा विरोध चालू राहील, पण आवाज न करता.

आणि विचारायचं राहिलं होतं, ते विचारतो. कशी आहेस? खरं सांग. पाण्याचं नंतर विचारीन.

तीळ थोडे, लोभ जास्त, असं समजावं.

तुझा,
श्रीधरदादा


कात्रज, पुणे
२० मार्च २०२४

ती. स्व. श्रीधरदादास,
सा. न. वि. वि.

शब्द दिला.

कशी आहे म्हणून विचारलंस, तर सांगते. घाबरलेली आहे. हे संजयला सांगितलेलं नाही. मागच्या रविवारी आम्ही कात्रजहून सिंहगडापर्यंत डोंगररांगेवरून चालत गेलो. लोक ही चाल रात्री चांदण्यात करतात, आम्ही दिवसाउजेडी केली. निम्म्याहून जास्त टेकड्या झाल्यावर मी एका दगडावर बसले आणि मला उठावंसं वाटेना. पाय ठीक होते. पण व्रणापाशी काहीतरी ओढल्यासारखं झालं. तिथे काही नव्हतं, नुसता स्नायू आखडला होता. पूर्वी मी डोंगर चढताना डोंगराकडे बघायची. आता सगळं लक्ष आत असतं, उरलेलीला काही होत नाही ना याकडे. मला वाटतं, ही खिंड मला एवढ्यासाठीच चढायची आहे, की एखादा दिवस तरी माझं लक्ष बाहेर असावं.

बरोबरच्या मुलींनी घाई केली नाही. थोड्या वेळानं उठले आणि सिंहगडापर्यंत पोचले. तू म्हणाला होतास तसं दहीही खाल्लं.

रिपोर्ट चांगले आले आहेत. निघायची तारीख दोन जून. पाडव्याला तू आणि वहिनी जेवायला या. पुरणपोळी करते. वहिनींचा आवाज परवा फोनवर थकल्यासारखा वाटला. विचारलं तर उन्हाळा म्हणाल्या.

प्रत्यक्ष येऊन लोभ करावा, पत्रातून पुरत नाही.

तुझी,
नम्रता


विश्रांतवाडी, पुणे
२८ एप्रिल २०२४

चि. सौ. नम्रता हिस,
अनेक आशीर्वाद.

पाडव्याला येता आलं नाही, त्याचा राग नसावा. घराचं रंगकाम काढलं आहे. सगळीकडे धूळ, सामान गच्चीवर, आणि रंगारी एक दिवस येतो व तीन दिवस येत नाही. त्यामुळे तुलाही ये म्हणत नाही. मी बरा आहे. पाय जरा सुजतात, पण या वर्षी ऊनच तसं आहे.

तुझं मार्चचं पत्र मी बऱ्याचदा वाचलं. त्या दगडावर बसल्याचं. आता सांगायचं आहे ते एवढंच, की जा.

मनापासून म्हणतो आहे. विरोध मी मागे घेतला. इकडची काळजी एका बाजूला ठेव. लक्ष बाहेर ठेवायला चालली आहेस ना, मग ते कात्रजला नाही, विश्रांतवाडीला नाही, तिथेच ठेव. रोज फोन लावायचा प्रयत्न करू नकोस. रेंज नसली की तू अस्वस्थ होशील आणि आम्हीही. निरोप द्यायला स्टेशनवर येणार नाही. गर्दीत जायला मला बंदी आहे, तुला ठाऊकच आहे.

मोजे जास्त ने. ओले मोजे माणसाला लवकर खचवतात, असं वाचलं.

आशीर्वाद नेहमीचेच, या वेळी जरा जास्त.

तुझा,
श्रीधरदादा


सांगला, हिमाचल प्रदेश
१२ जून २०२४

ती. स्व. श्रीधरदादास,
सा. न. वि. वि.

खिंड ओलांडली. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

काल संध्याकाळी सांगल्याला उतरलो. समोर सफरचंदाच्या बागा आहेत आणि त्यांच्या डोक्यावर बर्फाची शिखरं. आज दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा वहिनींनी उचलला आणि तू झोपला आहेस म्हणाल्या. सकाळी अकराला तू झोपतोस, हे मला नवीन आहे. पत्र माझ्याबरोबरच पुण्यात पोचेल बहुधा, तरी लिहिते. समोर आले की तू मधे बोलशील.

वाटेत झाका नावाचं गाव लागतं. कड्याच्या टोकावर लाकडी घरं अशी बसली आहेत की खालच्या वाटेनं जाताना मान वर करायला भीती वाटावी. पुढे रूपीन नदी एका मोठ्या धबधब्यातून टप्प्याटप्प्यानं खाली येते आणि आपण त्याच्या कडेकडेनं चढत जातो. धबधब्याच्या वरच्या मुक्कामाला माझं डोकं ठणकायला लागलं. दिग्विजयनं बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, आकडा बघितला, आणि सकाळपर्यंत सुधारलं नाही तर तू उतरायचं म्हणाला. मी हो म्हटलं. वाद घातला नाही. तुला शब्द दिला होता.

मग मी पाणी पीत राहिले आणि दर थोड्या वेळानं तंबूबाहेर जावं लागलं. एवढ्या थंडीत चेन उघडून बाहेर पडायचा कुणालाही वैताग येईल. मला दर खेपेला बरं वाटत होतं. उरलेली किडनी एकटी आहे, पण काम करते आहे. उजाडलं तेव्हा डोकं हलकं झालं होतं आणि आकडाही वर आला होता.

शेवटची चढण एका उभ्या घळीतून आहे. सगळा बर्फ. बलवंतसिंह नावाचा तिथला वाटाड्या पुढे कुऱ्हाडीनं पायऱ्या खोदत होता आणि आम्ही त्याच्या मागून एकेक पाऊल टाकत होतो. थोडं चढायचं, काठीवर वाकून श्वास गोळा करायचा, पुन्हा थोडं. मधेच लक्षात आलं की बऱ्याच वेळात मी आतल्या कशाचा विचारच केला नाही.

वर जागा एखाद्या अंगणाएवढी आहे आणि वारा उभं राहू देत नाही. बाकीच्या फोटो काढत होत्या. मी एका बाजूला बसून रडून घेतलं. मला तिथे देवबीव आठवला नाही. ऑपरेशनच्या सकाळी मला ट्रॉलीवरून नेताना तू हात धरला होतास, ते आठवलं.

बाकी भेटीत. इथून लोभ धाडते, तो उंचावरचा आहे, जपून घ्यावा.

तुझी,
नम्रता


पुणे
१४ जून २०२४

चि. सौ. नम्रता हिस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर हेमाचं आहे, शब्द माझे. मला सध्या फार वेळ बसून लिहवत नाही. हे पत्र वाचशील तेव्हा तू कात्रजला घरी पोचलेली असशील. तू खिंड ओलांडून सुखरूप उतरलीस हे हेमाकडून कळलं, त्यानंतरच सांगायला घेतलं.

तू दिलेली किडनी गेली.

फेब्रुवारीत रक्तातलं क्रिएटिनीन वाढलेलं दिसलं, म्हणजे किडनी नीट गाळत नव्हती. मार्चमध्ये तुकडा काढून तपासला. शरीर तिला नाकारायला लागलं होतं. औषधं बदलली, इंजेक्शनं दिली, उपयोग झाला नाही. एप्रिलच्या शेवटी डॉक्टरांनी डायलिसिसची तयारी करायला सांगितलं. त्याच दिवशी घरी येऊन तुला जा म्हणून लिहिलं. तू गेलीस त्याच आठवड्यात डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शनिवार. रंगारी वगैरे काही नव्हता. घराचा रंग जुनाच आहे, येशील तेव्हा बघ.

सांगितलं असतं तर तू सॅक रिकामी केली असतीस. तूच तसं लिहिलं होतंस. एकदा ते झालं, दुसऱ्यांदा मला ते सोसलं नसतं. हेमा यावरून माझ्याशी रोज भांडली. संजयरावांना यातलं काहीच माहीत नव्हतं, त्यांना बोलू नकोस.

सहा वर्षांत एक गोळी चुकवली नाही. बाहेरचं खाल्लं नाही. गर्दीत गेलो नाही. डॉक्टर म्हणतात की कुणाची चूक नसते, असं होतं. ते मला कळतं. तरी तुझ्यासमोर यायचा धीर होत नाही. तुझ्याकडची एक तू पंधरा हजार फुटांवरून नीट परत आणलीस. माझ्याकडची मला घरी बसून राखता आली नाही.

लोभ ठेव असं या खेपेला कोणत्या तोंडानं लिहू? हेमा म्हणते, तरीही लिहा.

तुझा,
श्रीधरदादा


कात्रज, पुणे
१९ जून २०२४

ती. स्व. श्रीधरदादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. वाचलं आणि तशीच विश्रांतवाडीला आले. वहिनींनी दारातच थांबवलं. हिमालयातून मी खोकला घेऊन आले आहे, आणि तुला संसर्ग झाला तर निस्तरता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. मी जिन्यात उभी राहिले. आतून तू लावलेल्या बातम्यांचा आवाज आला, तेवढा ऐकून परत फिरले. म्हणून हे पत्र. संजय आज संध्याकाळी आणून देईल.

पहिलं म्हणजे मी रागावले आहे. मला काय झेपेल ते तू परस्पर ठरवलंस. पाच वर्षं याचाच तर मला वैताग आला होता. रात्री जेवले नाही. आणि मग कबूलही करावं लागलं, की तू सांगितलं असतंस तर मी खरंच गेले नसते. तुझ्या उशाशी बसून राहिले असते, आणि त्यानं तुझी किडनी वाचली नसती. तेव्हा रागाचं काय करायचं ते मला समजत नाही. थोडा ठेवते.

दुसरं, तू जे शेवटी लिहिलंस ते पुन्हा लिहायचं नाही. ती मी तुझ्याकडे जपायला ठेवली नव्हती. दिली म्हणजे दिली. ती असताना तू ऋचाच्या लग्नात कन्यादानाला बसलास. नातवाला खांद्यावर घेऊन फिरलास. सहा वर्षं तू तहान लागली की पोटभर पाणी प्यायलास, दादा. त्याआधी पाणी मोजून मिळायचं, तेव्हा तू पेल्यात बर्फाचा खडा घेऊन चघळत बसायचास, ते मी पाहिलेलं आहे. मला आणखी काय हवं होतं? आणखी वर्षं हवी होती, तुला हवी होती तेवढीच. ती मिळाली नाहीत याचं दुःख आपलं दोघांचं आहे, तुझ्या एकट्याचं नाही. काल परत येताना रिक्षात मी तिच्यासाठी रडले. तूही रडून घे. वहिनींसमोर नको वाटत असेल तर मी येईपर्यंत थांब.

पुढे काय ते डॉक्टर सांगतील. दुसऱ्या किडनीसाठी नाव यादीत घालायचं का, कधी, तेही बघू. त्याची आज घाई नको.

सोमवारपर्यंत माझा खोकला जाईल. डॉक्टरांना विचारून, मास्क लावून सोमवारी डायलिसिसला तुझ्याजवळ मी बसणार आहे. वहिनींना त्या दिवशी घरी झोपू दे, त्यांना तेवढीच विश्रांती. चार तास असतात म्हणे. सांगल्याचं पत्र अजून पोचलेलं नसेल, पोचलं तरी उघडू नकोस. मी गाडीत बसल्यापासून सगळं सांगणार आहे. झाका गाव, धबधबा, ती घळ, वरचा वारा. मधे बोललास तरी चालेल. झोप लागली तर लागू दे, मी सांगत राहीन.

लोभ मागत नाही. सोमवारी येते.

तुझी,
नम्रता