मेडशीची राष्ट्रीय परिषद

१ जानेवारी २०२५
आजपासून रोजनिशी. भाषा शुद्ध, प्रमाण. वऱ्हाडी बोलायला ठीक आहे, मराठीच्या प्राध्यापकाने लिहायची नसते. मुख्य संकल्प : यंदा पर्मनंट व्हायचं. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला सगळे सर म्हणतात आणि उन्हाळ्यात पगार देत नाहीत. बस झालं. दुसरा संकल्प : चहा बंद.

२ जानेवारी
चहा सुरू. थंडी फार आहे.

९ जानेवारी
मारोतरावांनी केबिनमध्ये बोलावलं. संस्थेचे अध्यक्ष स्वतः बोलावतात म्हणजे काहीतरी असतं. होतं. कॉलेज तपासायला नॅकची टीम येणार, त्याआधी कॉलेजात एक राष्ट्रीय परिषद झाली पाहिजे. विषय वरूनच आला आहे : ‘मानव्यविद्यांतील संशोधन आणि डिजिटल तंत्रज्ञान’. संयोजक मी. प्रोजेक्टर फक्त मलाच लावता येतो, पण ते तसं म्हणाले नाहीत. ‘तुमच्याशिवाय कोण’ म्हणाले. निघताना खांद्यावर हात ठेवला. मराठीची जागा निघणार आहे, परिषद पार पडू द्या, मग पाहू.

‘पाहू’ म्हणजे झालंच. मारोतराव जास्त बोलणारा माणूस नाही.

घरी बायकोला सांगितलं. संगीता म्हणाली की स्नेहसंमेलनाच्या वेळीही पाहूच म्हणाले होते, आणि त्याच्या आधी ध्वजदिनाच्या वेळी. तिला संस्थेचं राजकारण कळत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
तीळगूळ द्यायला मारोतरावांकडे गेलो. त्यांचा पुतण्या हरीओम नुकताच सेट पास झाला. त्याचाही विषय मराठीच. त्याला सहसंयोजक करा, तुमच्या हाताखाली शिकेल, असं म्हणाले. घरचं पोरगं माझ्या हवाली केलं! एवढा विश्वास सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

२९ जानेवारी
संगीताने पेपरातली जाहिरात कापून आणली. मंगरूळपीरच्या एका निवासी शाळेत मराठी शिक्षकाची जागा आहे. एकच. पूर्ण पगार, बारा महिने. मुलाखत २८ फेब्रुवारी, दुपारी तीन. परिषदही २८ फेब्रुवारीलाच.

मी म्हटलं, मी कॉलेजचा माणूस, शाळेत जाऊ का? ती म्हणाली, ‘तिकडं नोकरी हाय. इकडं पाहू हाय.’ वाद नको म्हणून अर्ज भरला. तिचंही एम.ए., बी.एड. पडूनच आहे, म्हणून तिचाही भरून टाकला. तेवढीच तिला मुलाखतीची सवय होईल.

प्लॅन पक्का आहे. दहाला उद्घाटन. साडेअकराला सूत्रं हरीओमकडे. बाराची एसटी धरून आपलं वाशिमकडचं मालेगाव. संगीता आदल्या दिवशी माहेरी मालेगावलाच असेल, ती स्टँडवर थांबेल. तिथून मंगरूळपीर. दोन्ही दगडांवर पाय ठेवायला माणूस उंच लागतो. मी आहे.

१० फेब्रुवारी
शोधनिबंध यायला लागले. प्रत्येकाच्या नावात शेवटी ‘एक चिकित्सक अभ्यास’ आहे. सात जणांचे तर पहिले चार परिच्छेदही सारखे. संशोधकांमध्ये एवढं एकमत मी आजवर पाहिलं नव्हतं. एकाने शेवटी लिहिलंय, ‘आणखी काही मदत हवी असल्यास जरूर सांगा.’ नम्र माणूस दिसतो.

२० फेब्रुवारी
ब्रोशर छापून आलं. हरीओमचा फोटो वर, माझा खाली आणि लहान. माझा फोटो आडवा होता, बसला नसेल.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी
आज खरी कमाल केली. परिषदेचा ऑनलाइन फीडबॅक फॉर्म तयार केला. फॉर्म भरला की सर्टिफिकेट आपोआप मेलवर. शिक्का, सह्या, सगळं. पुण्या-मुंबईलाही एवढं automatic नसेल. चालतंय का पाहायला लिंक परिषदेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली.

रात्री ९.३०
चालतंय! धडाधड फॉर्म येऊन राहिले आहेत. सगळ्यांनी excellent दिलं. एकाने लिहिलं, बीजभाषण अत्यंत मार्गदर्शक झाले. एकजण म्हणतो, जेवण उत्तम, फक्त चहा थोडा गोड होता. परिषद उद्या आहे आणि लोकांना आजच आवडली. याला म्हणतात वातावरण.

२८ फेब्रुवारी, सकाळी १०.२०
कोणी नाही. रस्त्यात असतील.

१०.४५
अमरावतीच्या एका सरांना फोन केला. म्हणाले, सर्टिफिकेट मिळालं सर, thank you. मग अकोल्याला केला. तेच. वाशिमवाल्याने तर आपल्या मेव्हण्यालाही लिंक पाठवली होती, त्यालाही मिळालं.

आता समजलं. पण technology चुकली नाही, हे नोंदवून ठेवतो.

११.१५
मारोतराव आले, दीप लावला, बीजभाषणासाठी पुण्याहून आलेल्या मॅडमना शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढला आणि निघाले. हरीओम ‘काकाले सोडून येतो’ म्हणून त्यांच्याच गाडीत बसला. शिपाई बाबूलाल जेवणापाशी आहे, कुत्री येतात.

मॅडमनी विचारलं, श्रोते? मी लगेच म्हटलं, hybrid mode आहे मॅडम, सगळे ऑनलाइन. मोबाइल स्टँडला लावून live सुरू केलं, लिंक स्टेटसला टाकली. स्टँड माझ्या खुर्चीमागे आहे. पहिल्या रांगेत मी. दुसरी रांग रिकामी, तिच्या मागच्या सगळ्याच.

११.५०
रोजनिशी फाइलमध्ये धरून लिहितोय. मॅडमना वाटतं, नोट्स काढतोय. जुन्या पोथ्यांच्या डिजिटायझेशनवर छान बोलतात. पण माझ्याकडे पाहून बोलतात. मान हलवली नाही तर थांबतात आणि तेच पुन्हा समजावून सांगतात. म्हणून हलवतोय. हरीओम आला की सुटलो.

१२.०५
बाराच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. गेली. साडेबाराला एखादी काळीपिवळी जीप मिळेल.

१२.२०
हळूच मागे वळून पाहिलं. Live ला प्रेक्षक : एक. कोण असेल? मॅडमचं नाव मोठं आहे, परदेशातला कोणी अभ्यासक असू शकतो.

१२.३५
प्रेक्षक शून्य झाला, लगेच फोन थरथरला. संगीता. कसा उचलणार? हात लावला तर live बंद पडतं आणि मॅडम कॅमेऱ्याकडे पाहून राहिल्या आहेत. थरथरून थरथरून थांबला. मग प्रेक्षक पुन्हा एक. नेटवर्कचं असंच आहे इथे. त्या एका माणसासाठी तरी live चालू ठेवलं पाहिजे.

१.४०
हरीओम आला नाही. फोन करायचा तर फोनच live वर आहे. मॅडम म्हणाल्या, आता चर्चा. कोणाला प्रश्न? शेवटी मीच विचारला. उत्तर अजून चालू आहे. प्रेक्षक शून्य. तोही गेला.

३.००
तीन वाजले. तिकडं माझं नाव पुकारून राह्यले असतीन आणि मी इथं आभार मानून राह्यलो. उपस्थित सर्वांचे.

१ मार्च
संगीता आली. तिची निवड झाली. मी अभिनंदन केलं, अर्ज मीच भरला होता याची आठवण दिली. हसली नाही. पिशवी खाली ठेवून म्हणाली, ‘मी पाह्यत होती न तुमाले मोबाइलवर. पाठमोरे बसले होते, मान हालून राह्यली होती. म्हटलं आता उठसान, मंग उठसान. दोन गाड्या सोडल्या. मंग तिसरीत बसली एकटीच.’

म्हणजे तो प्रेक्षक हीच होती.

लय वाईट वाटलं. तिनं पाणी पेलं अन् धुणं काढायले गेली.

३ मार्च
परिषदेचा अहवाल पूर्ण. फीडबॅक शंभर टक्के excellent. मारोतराव खूष. पाहू म्हणाले.

२ मे
मराठीच्या जागेची मुलाखत झाली. हरीओमला घेतलं. मी मारोतरावांना भेटलो. ते म्हणाले, त्याच्यापाशी राष्ट्रीय परिषदेचा अनुभव आहे. हे खरं आहे, अनुभव मीच दिला.

आज जेवलो नाही. भूक नव्हती.

१५ जून
संगीताने मंगरूळपीरला शाळेजवळ दोन खोल्या घेतल्या. सामान टेम्पोत भरलं. मला म्हणाली, चला. मी म्हटलं, अशी मधेच संस्था सोडता येत नाही, माणसाला commitment असते. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. तिने डब्यात दोन दिवसांचं करून ठेवलंय.

२४ जून
कॉलेज सुरू. तासिकेच्या नव्या ऑर्डरसाठी अर्ज विभागप्रमुखांकडे द्यायचा असतो. दिला. हरीओम बसा म्हणाला, चहा मागवला. यंदा आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायची आहे, विषय कृत्रिम बुद्धिमत्ता, संयोजक तोच. ‘ब्रोशर, मेल, फॉर्म तेवढं तुमी पाहा सर, तुमचा हातखंडा हाय.’ हो म्हणालो. तोंडातून आपोआप निघालं.

संध्याकाळी खिचडी लावली होती तवा संगीताचा फोन आला. शाळेत तासिकेवर एक मास्तर पाह्यजे म्हणे, हेडमास्तरांशी बोलली हाय, उद्याच या. मी सांगितलं, इकडं परिषद आहे, जबाबदारी आहे, निघता येत नाही.

मंग म्हणाली, ‘तुमाले कोणं धरून ठेवलं तिथं?’

मी म्हटलं, आवाज तुटून राह्यला, रेंज नाही, नंतर लावतो. अन् ठेवला.

रेंज फुल होती.