कुदळीचा धनी

काल सकाळी मी गोठा झाडला, दोन्ही बैलांच्या गव्हाणीत कडबा टाकला, अंगणात सडा घातला आणि चूल पेटवून रवा भाजायला घेतला. नाताळ दोन दिवसांवर आला होता आणि करंज्या अजून व्हायच्या होत्या. रवा निवेपर्यंत हात रिकामे राहू नयेत म्हणून गोठ्याच्या माळ्यावरची अवजारं खाली काढली आणि अंगणात ओळीनं मांडली. मोटेचा जुना नाडा, तीन खुरपी, दोन विळे, एक फावडं, एक कुदळ. अवजारं मोजायचं कारण हा कागद. आदल्या दिवशी तो अर्धा लिहून झाला होता. कालच्या सकाळनंतर तो तसाच पुढे लिहिणं मला जमलं नाही, म्हणून आज पहिल्यापासून लिहिते.

मी, मनकर्णाबाई, शालिकराम अंबाडकर यांची विधवा, वय अंदाजे अठ्ठावन्न, धर्म ख्रिस्ती, धंदा भाजीपाला व संत्र्याची बाग, राहणार नांदगाव पेठ, जिल्हा अमरावती, देवाला साक्षी ठेवून लिहिते की माझी शुद्ध जागेवर आहे आणि मला कोणी भरीस घातलेलं नाही. गुडघे धरतात आणि वाचायला चष्मा लागतो, पण त्याचा अकलेशी संबंध नाही. मसुदा अमरावतीच्या कचेरीबाहेर बसणारे अर्जीनवीस शेषराव यांनी सांगितला. त्यांची भाषा जिथे मला कळली नाही तिथे मी माझी घातली आहे. सन १९२६ साली मी केलेलं मृत्युपत्र या कागदाने रद्द समजावं.

एक. राहतं घर, त्यातली भांडीकुंडी आणि दोन्ही बैल माझी मुलगी शकुन हिला द्यावेत. ती अकोल्याला दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणते, आई, मी बैलांचं काय करू. मी म्हणते, विकू नकोस, चांगल्या घरी दे. मोठी परात तिच्याकडेच राहावी आणि लग्नाकार्याला कोणी मागितली तर द्यावी. परत येताना ती पोचा पडूनच येते, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. तरी द्यावी.

दोन. माझं पवित्र शास्त्र आणि गायनाचं पुस्तक शकुननेच ठेवावं. मला वाचायला कोणी शिकवलं नाही. बाप्तिस्मा झाला तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. उपासनेतली गाणी ऐकून ऐकून तोंडपाठ झाली, मग पाठ असलेल्या ओळीखाली बोट धरून कोणतं अक्षर कोणतं ते मी ओळखत गेले. दोन पावसाळे लागले. त्या काळी बायकांना शास्त्र शिकवायला येणाऱ्या पार्बताबाईंना मी विचारलं होतं, तर त्या म्हणाल्या, "भाजी इकनारीले अक्षर कायले पायजेत? तराजू वाचता येते ना, झालं." मी तो राग बरीच वर्षं जपला. आता पार्बताबाईंना नीट दिसत नाही. माझा चष्मा त्यांना द्यावा आणि कोणी दिला ते सांगावं.

तीन. मला नाल्याकाठच्या आमच्या कबरस्तानात माझ्या घरधन्याच्या डाव्या बाजूला पुरावं. पाळकांनी उपदेश आटोपता करावा, लोक उन्हात उभे असतात. माझ्यामागे शकुनने दर नाताळाला गल्लीतल्या पाच घरी फराळाचं ताट पाठवावं. त्यांतलं पहिलं माझे भासरे, म्हणजे घरधन्याचे थोरले भाऊ, यांच्या घरी जावं. आजवर ते ताट त्यांनी स्वतः कधी हातात घेतलेलं नाही. ओट्यावर ठेवून यावं लागतं. पण माझी जाऊ वच्छलाबाई हिनं ते कधी रिकामं परत पाठवलं नाही, मूठभर ज्वारी का होईना घालते. तेव्हा पाठवत राहावं.

चार. हे कलम बागेचं आणि विहिरीचं आहे आणि ते मला दोनदा लिहावं लागलं.

बाग सासऱ्यांची. वाटणी झाली तेव्हा अर्धी घरधन्याला आणि अर्धी भासऱ्यांना आली. विहीर आमच्या वाट्यात पडली. आठवड्यातले तीन दिवस विहिरीचं पाणी भासऱ्यांच्या संत्र्यांना द्यायचं, असं सासऱ्यांनी तोंडी सांगितलं होतं. कागद नाही. मी जिवंत आहे तोवर ती पाळी मी मोडली नाही. पण १९२६ च्या मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की माझ्यामागे ही पाळी बंद व्हावी. परवा मी तेच कलम पुन्हा लिहिलं होतं. त्यांच्या बागेत दुसरं पाणी नाही. पाळी बंद झाली की दोन उन्हाळ्यांत झाडं वाळतील, हे मला लिहिताना माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच लिहिलं होतं.

कारण असं. घरधनी मिशनच्या बंगल्यावर भाजी द्यायला जात आणि पडवीत बसून ऐकत. ऐकता ऐकता १९११ साली आम्ही दोघांनी बाप्तिस्मा घेतला. जातीनं आमच्याशी पाणी तोडलं. भासऱ्यांना दोन मुली उजवायच्या होत्या, म्हणून तेही दूर झाले. इथवर मी समजून घेतलं. १९१८ साली मानमोडीची साथ आली. घरोघरी माणसं गेली. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी घरधनी गेले. शकुन आठ वर्षांची होती. शेजारी बैलबंडी घेऊन आले, तेव्हाचे पाळक स्वतः तापात उठून आले, आणि सख्खा भाऊ समोरच्या अंगणात दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला. बंडी त्यांच्या दारावरून गेली. ते उठले नाहीत. खांदा दिला नाही.

ते मी एकोणीस वर्षं विसरले नाही. देवासमोर खोटं कशाला बोलू, दर नाताळाला ताट पाठवताना मला ते आठवायचं, आणि ताट पाठवते म्हणून मी चांगली, असंही वाटायचं.

पाच. अवजारं. नाडा, खुरपी, विळे आणि फावडं माझ्यामागे जो बाग करील त्याला द्यावीत. कुदळीचं वेगळं लिहिते.

ही कुदळ मला कबरस्तानात मिळाली. आम्ही पोचलो तेव्हा कबर खोदून तयार होती. साथीत मिशनचा खोदणारा आधीच गेला होता, पण मला वाटलं पाळकांनी कोणाकडून तरी खोदून घेतली असेल. त्यांना वाटलं आम्ही माणूस लावला असेल. पुरून झाल्यावर कोणीतरी कुदळ आमच्या बंडीत टाकली. मी ती मिशनची समजून ठेवली, परत द्यायची द्यायची म्हणून वापरत राहिले. परवाच्या मसुद्यात लिहिलंही होतं की ती मिशनला परत करावी.

काल ती अंगणात मांडलेली असताना वच्छलाबाई विस्तव मागायला आली. ती कुदळीपाशी थबकली. खाली बसली. कुदळीच्या एका टोकाला गाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेचा तुकडा लोहारानं जोडलेला आहे, त्यावरून तिनं बोट फिरवलं.

"मनकर्णे, ही तुयापाशी कशी आली?"

"ही मिशनची हाय, जाऊबाई."

"मिशनची कायची? हा तुकडा आमच्या मोडक्या चाकाचा होय. मी सोता लोहाराकडे घेऊन गेलती. आमची कुदय हाय ही. मानमोडीत हरवली मनत होते हे."

मग तिनं पदर तोंडावर घेतला. जे बोलायचं नव्हतं ते बोलून गेली हे तिला कळलं होतं. मी विस्तव आणायला उठले नाही, तिच्यासमोरच बसून राहिले. गप्प बसलं की वच्छलाबाईला राहवत नाही.

"शालिकराम गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी हे पहाटेच उठले," ती म्हणाली. "कुदय-फावडं घेतलं. मले मने, बाग खोदाले जातो. मानमोडीत कोन बाग खोदते वो? घरात मी तापानं पडलेली. उन्हं आल्यावर आले तं हातभर फोड. लोक येताना दिसले मने, तसे नाल्यानाल्यानं आले, फावडं हाती राह्यलं, कुदय तिथंच पडली. आंघोय केली अन् अंगणात जाऊन बसले. बंडी जाये तोवर उठले नाई. हात दिसू नाई म्हनून मांडीवर पालथे ठेवले होते."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"शपथ घातलती ना. पोरीईचं लगन व्हाचं होतं. मंग झालं लगन, तं मने आता काय सांगू, लई उशीर झाला. अन् तू कधी इचारलं? तू तं त्याईच्याशी बोलत नाई."

हे खरं आहे. भासऱ्याशी भावजयीनं समोरासमोर बोलू नये, त्यांचं नाव घेऊ नये, अशी आमच्याकडे रीत आहे. मी देव बदलला, पण ही रीत काही सुटली नाही. एकोणीस वर्षांत मी त्यांना एक प्रश्न विचारला असता तर हे कलम आधीच पुसलं गेलं असतं. कागदाला नाव लागतं म्हणून आज लिहिते: त्यांचं नाव खुशालराव.

तेव्हा ही कुदळ मी कोणाला देत नाही. जी माझी नाही ती मृत्युपत्रानं कशी देणार? तिचा धनी जिवंत आहे.

सहा. विहिरीच्या पाण्याची तीन दिवसांची पाळी खुशालराव यांचा मुलगा केशव याला, आणि त्याच्यामागे जो ती बाग करील त्याला, कायमची द्यावी. आमच्या वाट्याची बाग व विहीर शकुनची, पण ही पाळी तिनं किंवा तिच्याकडून घेणाऱ्यानं मोडू नये. शेषरावांना विचारून हे कलम पक्कं करून घेतलं आहे.

रागाच्या भरात लिहिलेलं कलम मायेच्या भरात पुसलं, असं कोणी म्हणू नये, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. भावानं खांदा दिला नाही, हे खरं आहे. भावानं कबर खोदली, हेही खरं आहे. काळ्या मातीखाली तिथे मुरूम लागतो, एकट्या माणसाचं ते काम नाही. दोन्ही गोष्टी कागदावर राहू द्याव्यात. एकीनं दुसरी मिटत नाही. पण मी इतकी वर्षं एकच धरून बसले होते.

नाताळाला पाळक ताऱ्याबद्दल बोलतात, पूर्वेकडून आलेल्या मागी ज्ञानी लोकांबद्दल बोलतात, देवदूतांबद्दल बोलतात. ते सगळं खरं आणि मला आवडतं. पण माझा जन्म गोठ्यात गेला, म्हणून मला दरवर्षी दुसराच विचार येतो. बाळाला गव्हाणीत ठेवलं, तर ती गव्हाण त्या दिवशी कोणीतरी झाडली असेल. ताजा चारा कोणीतरी टाकला असेल. तो माणूस कोण, हे शास्त्रात नाही. त्यालाही ठाऊक नव्हतं की आपण कोणासाठी झाडतो आहोत. तो आपला बैलांसाठी झाडत होता. त्याचं काम झालेलं होतं म्हणून देवाच्या पोराला टेकायला जागा मिळाली. माझ्या माणसालाही अशीच एक तयार जागा मिळाली होती, आणि ती कोणी केली हे मी विचारलं नाही. नाताळ म्हणजे काय, असं शकुननं लहानपणी विचारलं होतं तेव्हा मला सांगता आलं नव्हतं. आता सांगते. कोणी पाहत नसताना गव्हाण झाडून ठेवायची. आणि आपल्याला झाडलेली मिळाली तर कोणी झाडली ते विचारायचं.

माझं मन आज भरलेलं आहे. घरधनी नाहीत, ही गोष्ट रोज सकाळी चुलीपाशी पहिल्यांदा कळल्यासारखी कळते आणि मग मी कामाला लागते. त्यात बदल नाही. पण तेव्हा आम्ही एकटे होतो असं जे वाटत होतं, ते खरं नव्हतं.

साक्षीदार दोन लागतात. पहिले आमचे पाळक भगवंतराव साळवे. दुसऱ्याची जागा आज मोकळी ठेवते. ज्याला कागदातून काही मिळतं त्यानं साक्ष घालू नये, असं शेषराव म्हणाले. खुशालराव यांना मी काहीच दिलेलं नाही.

ता. २४ डिसेंबर १९३७.

ता. २५. उपासना झाल्यावर पाळकांना सोबत घेऊन, फराळाचं ताट, हा कागद आणि कुदळ घेऊन मी भासऱ्यांच्या ओट्यावर गेले. ते घोंगडी पांघरून बसले होते. कुदळ पाहून त्यांनी वच्छलाबाईकडे पाहिलं.

"बोलली वाटते," ते म्हणाले.

"एकोनीस वर्षं तोंड दाबून होती," वच्छलाबाई म्हणाली. "आनखी किती?"

पाळकांनी कागद वाचून दाखवला. चौथं कलमही दाखवलं, मीच तसं सांगितलं होतं. ते ऐकताना भासऱ्यांनी मान खाली घातली. सहावं ऐकल्यावर त्यांनी कुदळ जवळ ओढून घेतली. मग वच्छलाबाईकडे तोंड करून म्हणाले, "तिले सांग, साक्ष घातली तं जातवाले इचारतीन."

रीतीप्रमाणे मीही वच्छलाबाईकडे पाहून उत्तर द्यायला हवं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "दादाजी, इचारू द्या. या वेळी उजेडात करा."

त्यांनी ताटातली करंजी उचलून अर्धी खाल्ली. हात धोतराला पुसला आणि शाई मागितली.

लिहून देणार: मनकर्णाबाई शालिकराम अंबाडकर, सही दोन्ही साक्षीदारांच्या समोर.
साक्षीदार: भगवंतराव साळवे, पाळक.
साक्षीदार: खुशालराव अंबाडकर, डाव्या हाताचा अंगठा.
मुक्काम नांदगाव पेठ, ता. २५ डिसेंबर १९३७.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठा झाडून झाल्यावर मी दादाजींच्या मागे नाल्याकाठी गेले. त्यांनी कुदळीनं कबरीभोवतीची हरळी खणून काढली आणि मी ती उचलून बांधावर टाकली.